बेस गिटार : नसली की कळणारे वाद्य

ली स्क्लार या ज्येष्ठ अमेरिकी बेसवादकांच्या गिटारवर एक छोटे बटण आहे. ते वर-खाली करता येते, पण आतून त्याला एकही वायर जोडलेली नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेपलीकडे बसलेला निर्माता ‘जरा वेगळा आवाज मिळेल का’ असे विचारतो, तेव्हा स्क्लार त्याला दिसेल अशा बेताने ते बटण दाबतात, उजवा हात तारांवर किंचित सरकवतात आणि तीच ओळ पुन्हा वाजवतात. निर्मात्याचे समाधान होते. या बटणाचे नाव ‘प्रोड्युसर स्विच’. डिंगवॉल या कॅनेडियन कंपनीने स्क्लार यांच्या नावाची बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिच्यावरही हे निकामी बटण आवर्जून बसवले.

वादकांच्या वर्तुळात हा किस्सा विनोद म्हणून फिरतो. त्यात निर्मात्याची थट्टा आहे, हे खरे. परंतु हात सरकवला की आवाज खरोखरच बदलतो, हा त्यातला महत्त्वाचा भाग सांगायचा बहुधा राहून जातो. घोडीजवळ तार छेडली तर उपस्वर अधिक उमटतात आणि आवाज कडक, धारदार येतो. दांडीच्या दिशेने छेडली तर मूळ स्वर ठळक होतो आणि आवाज गोल, मऊ येतो. बोटाचा मांसल भाग लागतो की नखाची कड, तार किती जोराने ओढली जाते, डाव्या हाताने स्वर कधी सोडला जातो, या सगळ्याचा परिणाम कोणत्याही बटणापेक्षा मोठा असतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे वाद्य वाजवणाऱ्या माणसाने सामग्रीविषयीचे आपले मत त्या बटणातून मांडले आहे, असे म्हणता येईल.

स्क्लार यांचा जन्म १९४७ चा. लहानपणी ते पियानो शिकले, शाळेत असताना उभ्या डबल बेसकडे वळले आणि पुढे जेम्स टेलर या गायकाच्या साथीदारांत बेस गिटार वाजवू लागले. बिली कोबॅम यांच्या ‘स्पेक्ट्रम’पासून (१९७३) जॅक्सन ब्राउन यांच्या ‘रनिंग ऑन एम्प्टी’पर्यंत (१९७७) आणि तिथून फिल कॉलिन्स यांच्या ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’पर्यंत (१९८५) त्यांच्या वादनाचा पल्ला आहे. एकूण अल्बमची संख्या दोन हजारांहून अधिक सांगितली जाते. लांब पांढऱ्या दाढीमुळे छायाचित्रात ते चटकन ओळखू येतात. गाण्यात मात्र त्यांचा हात ओळखायला कान तयार असावा लागतो. बेसवादकाच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे.

गाणे ऐकताना सामान्य श्रोत्याचे लक्ष शब्दांकडे आणि चालीकडे असते. बेस गिटार त्याला वेगळी अशी ऐकू येत नाही. भारतीय संगीताच्या श्रोत्याला ही गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. तंबोऱ्यातील खर्जाची तार उतरली तर गवयाचा षड्ज अधांतरी वाटू लागतो. तबल्याचा डग्गा मुका झाला तर ठेका कोरडा पडतो. नेमके काय बिघडले हे श्रोत्याला सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडले आहे हे कळते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे आणि डग्ग्याचे ही दोन्ही कामे बेस गिटारकडे असतात. स्वरमेळाचा पाया कोणता हे ती सांगते आणि ताल कुठे पडतो हेही तीच सांगते. गायक तोच स्वर धरून असताना बेसने खालचा स्वर बदलला, तर वरच्या स्वराचा भाव बदलतो. एवढे सामर्थ्य हाती असलेला माणूस रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात उभा असतो, हा या वाद्याचा गमतीदार भाग आहे.

वाद्य तसे तरुण आहे. कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. स्वतः फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी माणसापेक्षा उंच असा डबल बेस वाहून नेणे ही वादकाची शिक्षा होती आणि ड्रमच्या गलक्यात तो ऐकूही येत नसे. फेंडर यांनी वाद्य खांद्यावर आणले, विजेच्या पिकअपने त्याला आवाज दिला आणि दांडीवर पडदे बसवले. पडद्यांमुळे बोट अचूक स्वरावर पडते, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. तारेची लांबी त्यांनी ३४ इंच ठरवली. आजही बहुसंख्य बेस गिटार त्याच मापाच्या असतात. सत्तरहून अधिक वर्षांत या मूळ आराखड्यात फारसा बदल करावा लागलेला नाही, ही गोष्ट दर वर्षी नवे मॉडेल शोधणाऱ्या हौशी वादकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

स्क्लार यांची आवडती गिटार कोणत्याही कारखान्यात या रूपात तयार झालेली नाही. खोड एकीकडचे, जुनी दांडी दुसरीकडची, पिकअप तिसरीकडचे असे जुळवून ती उभी राहिली आहे. तिच्यावर त्यांनी मँडोलिनला वापरतात तसे बारीक पडदे बसवून घेतले आहेत. पडदा बारीक असला की तार जवळजवळ लाकडावर टेकते आणि स्वराला बिनपडद्याच्या वाद्यासारखी किंचित गुणगुण मिळते, तरीही सूर चुकत नाही. म्हणजे सामग्रीविषयी ते बेफिकीर आहेत असे नाही. आपल्याला कोणता आवाज हवा आहे हे आधी ओळखायचे, त्यासाठी लागेल तेवढाच बदल करायचा आणि मग वर्षानुवर्षे त्याच वाद्याशी राहायचे, अशी ही रीत आहे.

त्यांच्या आधीच्या पिढीत ही रीत आणखी टोकाला गेलेली दिसते. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन यांच्याकडे १९६२ ची एक प्रिसिजन होती. तिच्या तारा ते तुटल्याखेरीज बदलत नसत. त्या तारा ‘फ्लॅटवाउंड’, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, जाड आणि गुळगुळीत. दांडीपासून इतक्या उंच की दुसऱ्याला दाबणे कठीण जावे. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा असे, त्यामुळे स्वर लांबत नसे. उजव्या हाताची फक्त तर्जनी ते वापरीत. डबल बेसची ही सवय त्यांनी सोडली नाही आणि सहकाऱ्यांनी त्या बोटाला ‘द हुक’ असे नावच ठेवले. आजच्या कोणत्याही दुकानात असे वाद्य ‘दुरुस्तीला आलेले’ म्हणून बाजूला ठेवले जाईल. साठच्या दशकातील मोटाऊनच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचा पाया त्याच वाद्याने घातला.

लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के यांनी नेमका उलटा मार्ग घेतला. त्या मुळात जॅझ गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांच्या हाती बेस देण्यात आली आणि ती कायमची राहिली. त्या बोटाऐवजी पिकने वाजवीत आणि तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून आवाज आवरता घेत. ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीतात त्यांचीच बेस आहे. जेमरसन आणि के यांची साधने आणि पद्धती भिन्न. साम्य एवढेच की दोघांनीही स्वर लांबू दिला नाही. दोन स्वरांमधील शांतता त्यांनी वाजवली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

जुन्या तारा आणि स्पंज यामागे निव्वळ लहर नव्हती. नव्या कोऱ्या तारेत उपस्वर भरपूर असतात. जवारी काढलेल्या तंबोऱ्यासारखी ती झळाळते. एकट्याने घरी वाजवताना हा झळाळ सुखावतो. बँडमध्ये मात्र तीच जागा गिटार, झांजा आणि गायकाचा आवाज यांना हवी असते. जुन्या तारेचा झळाळ मावळलेला असतो, त्यामुळे ती कुणाच्या आड येत नाही. याला दुसरी बाजूही आहे. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला तो उमटवताच येत नाही. तरीही कान फसतो: वरचे उपस्वर ऐकू आले की मेंदू त्यावरून खालचा मूळ स्वर स्वतःच रचतो. म्हणूनच छोट्या रेडिओवरही बेसची चाल कळते. मोटाऊनमध्ये तयार गाणे मोटारीतल्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर ऐकून पारखत, कारण श्रोता ते तिथेच ऐकणार होता. झळाळ अजिबात नको असेही नाही आणि फार असावा असेही नाही; तो नेमका किती, हे गाणे कुठे ऐकले जाणार यावर ठरते. घरच्या खोलीत जुळवलेला आवाज मांडवात तसाच ठेवणाऱ्या वादकाची फसगत होते ती यामुळे.

मांडवातला प्रश्न ॲम्प्लिफायरचा. १९६० मध्ये अँपेग कंपनीने काढलेला ‘बी-१५’ हा पंधरा इंची स्पीकरचा, सुमारे २५ वॅटचा ॲम्प क्लबांमध्ये आणि स्टुडिओंत लाडका झाला. पुढे मैफली मैदानांवर गेल्या आणि त्याच कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ आणला. सोबतच्या पेटीत दहा इंची आठ स्पीकर. तो उचलायला दोन माणसे लागत आणि जिना असला तर तिसराही. आज ५०० वॅटचा ॲम्प दोन-तीन किलोंत मिळतो आणि खांद्यावरच्या पिशवीत मावतो. लग्नाच्या हंगामात एका रात्री फोंड्याला आणि दुसऱ्या रात्री काणकोणला वाजवणाऱ्याच्या पाठीचे आयुष्य या एका बदलाने वाढवले आहे. बेस गिटारमधील बाकीच्या नवलाईबद्दल मतभेद होऊ शकतात, याबद्दल नाही.

वॅट वाढले म्हणून ऐकू येणे वाढतेच असे मात्र नाही. बेसवादक बहुधा ॲम्पला पाठ लावून उभा राहतो आणि स्पीकर त्याच्या गुडघ्यांशी बोलत असतो. ‘बेसची लाट लांब असते, ती जवळ तयारच होत नाही’ असे एक स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. लाट लांब असते हे खरे, ४१ हर्ट्झची आठ मीटरहून अधिक भरते. पण ती जवळ ऐकू येत नाही हे खरे नाही. स्वराची ओळख पटवणारे मधले आणि वरचे कंप सरळ रेषेत जातात आणि ते गुडघ्याच्या उंचीवरून कानापर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच त्याचे कारण. वादक मग आवाज वाढवतो, सभागृहाच्या कोपऱ्यांत खालचे कंप साचतात आणि शेवटच्या रांगेला गाण्याऐवजी नुसती घुमघुम ऐकू येते. ॲम्प खुर्चीवर ठेवला किंवा मागे कलता केला, भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर ओढला, तर निम्म्या आवाजात काम होते. याला पैसे पडत नाहीत, कदाचित म्हणूनच ते कुणी सुचवीत नाही.

कमी आवाजाचा आग्रह कानांसाठीही आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणे ही मर्यादा. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात तो पंधरा मिनिटांवर येतो आणि ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्या वादकाला १०० डेसिबल ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. खालचे कंप भिंती भेदून दूरवर जातात, हा आणखी एक पैलू. शेजाऱ्याच्या घरात गायकाचे शब्द पोहोचत नाहीत, बेसचा ठोका पोहोचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. त्या नियमावरून गोव्यात जे वाद होतात, त्यांत तक्रारीचे मूळ पुष्कळदा हेच खालचे कंप असतात.

बँडमध्ये बेस कुणी वाजवायची, हा प्रश्न कोणत्याही गावात सारखाच सुटतो. चौघे मित्र जमतात, दोघांना गिटार वाजवायची असते, एकाला गायचे असते आणि उरलेल्याच्या हाती बेस येते. बीटल्समध्येही वेगळे घडले नाही. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ गट सोडून गेले आणि दुसरे कुणी तयार नसल्यामुळे पॉल मॅकार्टनी बेसकडे वळले. हॅम्बुर्गच्या दुकानात त्यांनी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली, कारण फेंडर परवडणारी नव्हती आणि दोन्ही बाजूंनी सारखी असलेली ही गिटार डावखुऱ्याने उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. १९७२ मध्ये ती चोरीला गेली आणि २०२४ मध्ये सापडल्याचे जाहीर झाले. स्वस्त म्हणून घेतलेल्या त्या गिटारवर वाजवलेल्या ओळी आज जगभरचे विद्यार्थी गिरवतात.

उरलेल्याच्या हाती आलेले हे वाद्य वाजवणाऱ्याला दोन ठिकाणी कान द्यावा लागतो. पहिले ड्रमवादकाच्या उजव्या पायाकडे. मोठ्या ड्रमचा ठोका आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडले तर दोन्ही मिळून एकच वाद्य वाटते. केसभर मागेपुढे झाले तर ठेका पातळ होतो. दुसरे कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताकडे. एकट्याने वाजवण्याची सवय असलेला कीबोर्डवादक डाव्या हाताने खालचे स्वर भरत राहतो. बेसही तिथेच असते. दोघे एकाच जागी भांडू लागले की गाणे चिखलात रुतते. ही गोष्ट तालमीत शब्दांनी बोलून घ्यावी लागते. अनुभवी गटांत ती पहिल्या दिवशी मिटते, नवख्या गटांत ती कधीच निघत नाही आणि दोष शेवटी साउंडवाल्याला मिळतो.

ज्याच्यावर एवढी भिस्त, त्याचे नाव मात्र क्वचितच नोंदले जाई. साठच्या दशकात मोटाऊनच्या मुखपृष्ठांवर वादकांची नावे छापली जात नसत. जेमरसन यांचे नाव १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर आले, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीला दशकाहून अधिक काळ लोटला होता. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला हलली. जेमरसन मागोमाग गेले, पण नव्या शहरात जुना आवाज मागणारे कुणी उरले नव्हते आणि मद्याने उरलेसुरले हिरावले. मृत्यूच्या थोडे आधी ती १९६२ ची गिटारही चोरीला गेली. २ ऑगस्ट १९८३ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने २००० साली त्यांची दखल घेतली.

हिंदी चित्रपटसंगीतातही तेच चित्र होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांनी मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यवृंद उभे केले, पण तबकडीच्या वेष्टनावर संगीतकाराचे नाव असे, त्यांचे नसे. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतील बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ हे नाव आज जाणकारांच्या ओठी आहे. गाणी मात्र सर्वांच्या. मग यंत्रे आली. जपानच्या रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकारंभी ‘टीबी-३०३’ ही पेटी काढली, ती बेसवादकाची जागा घ्यावी म्हणून. बेस गिटारसारखा आवाज तिला कधीच जमला नाही आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षे वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ मध्ये तिच्यावर रागांच्या सुरावटी वाजवून एक अल्बम काढला. तेव्हा त्याकडे कुणी पाहिले नाही. पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या चाहत्यांनी तो पुढे अचंब्याने शोधून काढला.

आज गोव्यातील हॉटेलांत आणि छोट्या समारंभांत एकच गायक कीबोर्ड आणि आधी भरून ठेवलेली साथ घेऊन संध्याकाळ निभावतो. पाच जणांच्या मानधनाऐवजी एकाचे द्यायचे असेल तर यजमानाचा हिशेब समजण्यासारखा आहे. या काटछाटीत गायक टिकतो, गिटारवादक कधीकधी टिकतो. पहिला जातो तो बेसवादक, कारण तो गेल्याचे यजमानाला कळत नाही. पाहुण्यांनाही कळत नाही. पाय मात्र लवकर थांबतात.

तियात्राच्या खड्ड्यात बसणाऱ्या वाद्यवृंदाकडे पाहिले तर यंत्राची मर्यादा स्पष्ट दिसते. कांतार रंगते, प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ येतो, गायक परत वळतो आणि कधी दुसऱ्याच कडव्यापासून उचल घेतो. भरून ठेवलेली साथ अशा वेळी आपल्याच वाटेने पुढे निघून जाते. बेसवादक गायकाच्या श्वासाकडे पाहत असतो. पहिला शब्द फुटायच्या आधी त्याचे बोट योग्य तारेवर गेलेले असते आणि ड्रमवाला त्याच स्वरावर ठेका पकडतो.